लहान मंडळीत नव्याने येणाऱ्यांसाठी: पहिला रविवार आणि त्यानंतरचे वर्ष

नगर जिल्ह्यात दोन अनोळखी ख्रिस्ती माणसे एसटी स्टँडवर भेटली आणि ‘जय ख्रिस्त’ झाले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मंडळी कुठली?’ इमारतीला आपण चर्च म्हणतो, मंडळी म्हणजे तिथली माणसे. मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये दोन-तीन वर्षे नियमाने जाऊनही शेजारच्या बाकावरच्या माणसाचे नाव ठाऊक नसते. तालुक्याच्या गावातल्या चाळीस-पंचेचाळीस घरांच्या मंडळीत मात्र तुम्ही दाराशी चप्पल काढत असतानाच तुमच्याबद्दल चौकशी सुरू झालेली असते. काहींना हे सुखावते, काहींना अवघडवते. नोकरीच्या बदलीने आलेले कुटुंब, लग्न होऊन आलेली सून आणि घरात पूर्वी कोणी ख्रिस्ती नसताना स्वतःच्या ओढीने आलेला माणूस, अशा तिघांनाही उपयोगी पडेल असे काही येथे क्रमाने सांगण्याचा प्रयत्न आहे. मीही अशा मंडळीत बाहेरूनच आलो, आणि गेली काही वर्षे तिच्या चिटणीसपदाचे काम पाहत असल्यामुळे नवागतांच्या अडचणी दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत.

आधी घडण समजून घ्यावी

येथे वर्णन केलेली मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे बोलण्यातल्या ‘सीएनआय’ची आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या परंपरांच्या चर्चनी एकत्र येऊन सीएनआय स्थापन केली. त्यामुळे एकाच नावाखाली चालणाऱ्या दोन मंडळ्यांच्या वागण्यात बराच फरक दिसतो, आणि एकीकडून दुसरीकडे आलेला माणूस गोंधळतो. नगर भागात काम मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनने केले. या मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये नगरला त्यांचे ठाणे झाले. त्यांची परंपरा काँग्रिगेशनल असल्याने मंडळीचा कारभार मंडळीच्या सभेत ठरवण्याची सवय येथील लोकांच्या हाडीमाशी खिळली आहे. पाळकांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, नेमणूक आज बिशप व डायोसिस (बिशपांच्या अखत्यारीतला विभाग) करतात, परंतु छपराचे पत्रे कोणते घ्यायचे यावर वार्षिक सभेत दीड तास चर्चा होते, आणि त्या चर्चेत आठवडाभर मौन पाळणारी आजीही बोलते. याउलट जुन्या अँग्लिकन वळणाच्या मंडळीत छापील उपासनाक्रम, पाळकांचा झगा आणि उभे राहण्या-गुडघे टेकण्याच्या जागा अधिक काटेकोर असतात. आपण कोणत्या वळणाच्या मंडळीत आलो आहोत, हे पहिल्याच भेटीत पाळकसाहेबांना विचारून घ्यावे. त्यात कोणालाही अपमान वाटत नाही, उलट जुना इतिहास सांगायला मिळाला म्हणून ते खुलतात.

पहिल्या रविवारच्या आधी

आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी पाळकांच्या घरी जाऊन यावे. घर बहुधा चर्चच्या आवारातच असते, आणि पाळकसाहेब बाहेरगावी असले तरी पाळकीणबाई असतात, ज्यांना मंडळीची खरी माहिती बहुतेक वेळा अधिक असते. उपासनेची वेळ तिथेच विचारावी, कारण फळ्यावर रंगवलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ एक असेलच असे नाही, आणि कांदा काढणीच्या दिवसांत ती आणखी सरकते. पूर्वीच्या मंडळीचे सभासद असाल तर तिथल्या पाळकांचे शिफारसपत्र बरोबर न्यावे. हे पत्र क्षुल्लक वाटते, परंतु पुढे मुलाचा बाप्तिस्मा, लग्नाची सूचना किंवा मंडळीची मतदारयादी यांपैकी काहीही निघाले की सारे त्या एका कागदापाशी येऊन अडते.

दोन पुस्तके स्वतःची असावीत. एक पवित्र शास्त्र, तेही मंडळीत मोठ्याने वाचले जाते त्याच भाषांतराचे. पंडिता रमाबाईंचे स्वतंत्र भाषांतर (ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली संपूर्ण प्रसिद्ध झाले) अभ्यासासाठी जवळ ठेवण्याजोगे आहे, पण वाचक एक शब्द म्हणतो आणि डोळ्यांपुढे दुसराच येतो, तेव्हा नवख्याचे लक्ष उडते. शास्त्रात जुन्या कराराची ३९ आणि नव्याची २७ पुस्तके आहेत. हबक्कूक किंवा फिलेमोन शोधताना अनुक्रमणिका उघडण्यात लाज बाळगू नये, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्तीही तेच करतात. दुसरे पुस्तक ‘उपासना संगीत’. या गीतसंग्रहाशिवाय मराठी मंडळीत बसणे म्हणजे पंगतीत ताट न घेता बसण्यासारखे आहे. यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) पदे मोठ्या संख्येने आहेत, आणि ती अभंग, ओवी, पद अशा आपल्या वळणाने रचलेली असल्यामुळे वारकरी घरातून आलेल्या माणसाला चाल पहिल्याच कडव्यात ओळखीची वाटते. इंग्रजी चालींवर बेतलेली गीतेही आहेत, तिथे मात्र तोच माणूस तालाला चुकतो. जुने सभासद गीत नावाने ओळखत नाहीत, क्रमांकाने ओळखतात. व्यासपीठाच्या बाजूला लहानशा लाकडी फळीवर त्या दिवसाचे क्रमांक अडकवलेले असतात, ते बसल्याबरोबर पाहून पुस्तकात खुणेचे कागद घालून ठेवले म्हणजे पेटीचा सूर सुरू झाल्यावर पाने चाळावी लागत नाहीत.

उपासना चालू असताना

पुष्कळ गावी चपला बाहेर काढतात. बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि प्रार्थनेच्या वेळी बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. यातले काहीच तुम्हाला कोणी दारात सांगणार नाही. म्हणून दहा मिनिटे लवकर जाऊन मधल्या रांगेच्या थोडे मागे बसावे, म्हणजे पुढचे कधी उठतात, कधी बसतात ते दिसते. अगदी शेवटचा बाक टाळावा. तो लहान मुलांच्या आयांचा आणि उशिरा येणाऱ्या तरुणांचा असतो. पहिल्या बाकाचेही तेच, तिथे एखाद्या कुटुंबाची तिसरी पिढी बसत असते आणि कोणी काही बोलले नाही तरी सगळ्यांच्या माना वळतात.

क्रम साधारण असा असतो: गीत, आवाहनाची प्रार्थना, पापांगीकार, शास्त्रपाठ, विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली), मध्यस्थीची प्रार्थना, सूचना, अर्पण, उपदेश, शेवटी आशीर्वचन. प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार सर्व जण एकसुरात पाठ म्हणतात. ही दोन्ही पहिल्या महिन्यातच पाठ करावीत, कारण पुस्तकात पाहून म्हणण्यात आणि सगळ्यांबरोबर तोंडून येण्यात फरक आहे, आणि तो फरक स्वतःलाच प्रथम जाणवतो. मध्यस्थीच्या प्रार्थनेत गावातल्या आजाऱ्यांची नावे घेतली जातात. ती कान देऊन ऐकावीत. पुढच्या आठवड्यात कोणाच्या घरी जायचे याची यादी तुम्हाला तिथे आयती मिळते.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी, पुष्कळ मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. ते पूर्ण सभासदांसाठी, म्हणजे बाप्तिस्मा होऊन दृढीकरण (समजत्या वयात विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झालेल्यांसाठी असते. ज्याचे हे झालेले नाही त्याने आपल्या जागी शांत बसून राहावे. ताट पुढे आले आणि गोंधळून घेतले, असे नवागताकडून घडते. कोणी रागावत नाही, पण मग त्याला स्वतःलाच महिनाभर चुकल्यासारखे वाटत राहते. आधीच पाळकांना विचारलेले बरे.

आशीर्वचनानंतरचा अर्धा तास

माझे ठाम मत असे आहे की लहान मंडळीत माणूस सामावतो किंवा परका राहतो, ते उपासनेनंतरच्या अर्ध्या तासात ठरते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या विश्वासणाऱ्यांचे वर्णन आहे: शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना, ही चारही कामे ते एकाच चिकाटीने करीत. यांतल्या सहवासासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘कोईनोनिया’ हा शब्द आहे आणि त्याला आपण सहभागिताही म्हणतो. त्या शब्दात वाटा घेणे आणि वाटा देणे दोन्ही येते. आमच्या आवारात कडुनिंबाखाली एक सिमेंटचा पार आहे. पाळकसाहेब दाराशी उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवतात, बायका विहिरीच्या बाजूला थांबतात, पुरुष पाराभोवती. कोणाच्या म्हशीला काय झाले, कोणाच्या मुलीला नर्सिंगला कुठे प्रवेश मिळाला, पुढच्या बुधवारची घरसभा कोणाकडे, हे सारे तिथे ठरते आणि सूचनांच्या कागदावर कधीच येत नाही. उपासना संपताच मोटारसायकलला किक मारून निघून जाणारा माणूस पाच वर्षांनीही ‘तो बँकेतला’ राहतो.

थांबल्यावर काय बोलावे, हा प्रश्न लाजाळू माणसाला पडतो. बोलावे लागत नाही. गीतपुस्तके गोळा करून कपाटात लावायची असतात, सतरंज्या झटकून घड्या घालायच्या असतात, संडेस्कूलच्या मुलांचे खडू-पाट्या उचलायच्या असतात. यांतले एक काम धरावे आणि सलग तीन रविवार करावे. चौथ्या रविवारी तुमची वाट पाहिली जाईल, कारण सतरंजीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागते.

एक सावधगिरी मात्र सांगतो. प्रत्येक लहान मंडळीत जुने वाद असतात: जमिनीचे, पदाचे, कधी दोन चुलत घराण्यांचे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखादा माणूस तुम्हाला बाजूला घेऊन ‘तुम्हाला सगळे ठाऊक असावे म्हणून सांगतो’ असे म्हणेल. त्याचे ऐकून घ्यावे, चहा घ्यावा आणि मत देऊ नये.

घरसभा

आठवड्यातून एकदा, बहुधा संध्याकाळी, पाळीपाळीने एकेका घरी प्रार्थना असते. महिला संघाची सभा वेगळी, बहुतेक दुपारी. घरसभेत दहा-पंधरा माणसे जमतात, चटईवर बसतात, एक जण शास्त्रभाग वाचतो, पेटी नसली तर टाळ असतात. जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तेथे मी त्यांच्यामध्ये आहे, हे मत्तयातले वचन (१८:२०) येथे वारंवार म्हटले जाते, आणि पावसाळ्यात खरोखरच दोघे-तिघेच जमतात तेव्हा त्याचा अर्थ अधिक कळतो. प्रार्थना आळीपाळीने, उत्स्फूर्त केली जाते. नवख्याला पहिल्यांदा ‘आपण करा’ असे म्हटले तर घाम फुटतो. अशा वेळी एका वाक्याची प्रार्थना पुरेशी असते, आणि ‘आज नको, मी ऐकतो’ असे म्हणण्याचीही मुभा असते. घरसभा आपल्या घरी घ्यायची झाली तर साधा चहा आणि बिस्किटे ठेवावीत. बदलीवर आलेल्या एका कुटुंबाने पहिल्याच घरसभेला पुलाव आणि श्रीखंड केले, आणि त्यानंतर ज्यांची पाळी होती त्या दोन गरीब घरांनी काही ना काही कारण सांगून ती पुढे ढकलली.

अर्पण, वर्गणी आणि हंगामाचा सण

अर्पणाची थैली मखमली असते आणि तिच्यात हात कितीसा आत गेला हे कोणाला दिसत नाही. ती तशी असण्याचे कारणही तेच. वर्गणी वेगळी. ती महिन्याची असते, खजिनदारांच्या वहीत नावापुढे लिहिली जाते आणि सभासदत्व चालू राहण्याशी तिचा संबंध असतो. सुरुवातीला जेवढी वर्षभर नियमाने देता येईल तेवढीच ठरवावी आणि प्रत्येक वेळी पावती मागून घ्यावी. पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, खजिनदाराच्या डोक्यावरचे ओझे त्याने हलके होते.

पैशाचे आणि सहभागितेचे नाते पाहायचे असेल तर हंगामाचा सण चुकवू नये. पीक घरात आल्यावर येणाऱ्या या रविवारी लोक व्यासपीठापुढे आपल्या कष्टाचे फळ आणून ठेवतात: ज्वारी-बाजरीची पायली, भोपळे, मेथीच्या जुड्या, उसाची मोळी, नारळ, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, आणि शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या घरातून पाकीट. उपदेशाच्या मधोमध कोंबडा आरवतो, मुले हसतात, पाळकसाहेब क्षणभर थांबून पुढे चालू लागतात. उपासनेनंतर आवारात या वस्तूंचा लिलाव होतो. बोली लावणारा गड्यासारखा आवाज काढणारा हवा, आणि तो प्रत्येक मंडळीत एक असतोच. मागच्या खेपेला एका विधवा बाईंनी सहा अंडी आणली होती. ती एकाने बाजारभावाच्या चौपट बोलीला घेतली आणि तिथल्या तिथे परत अर्पण केली, मग दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत दिली. तिसऱ्या वेळी ती घेणाऱ्याने ती त्याच बाईंच्या नातवाच्या हातात ठेवली. सहा अंड्यांतून मंडळीच्या खात्यात जे जमले ते उसाच्या मोळीपेक्षा जास्त होते. नवागताने या लिलावात एखादी लहान वस्तू, लिंबे किंवा कोथिंबीर, बोली लावून जरूर घ्यावी. चढाओढीत मात्र उतरू नये, त्या चढाओढीत काही जुनी थट्टा आणि काही जुना मान गुंतलेला असतो.

बाप्तिस्मा: घाई कोणीही करू नये

जो माणूस ख्रिस्ती घरातून आलेला नाही त्याच्यासाठी हा भाग आहे. उपासनेला येणे, घरसभेत बसणे, गाणे, यांपैकी कशालाही बाप्तिस्म्याची अट नाही. सीएनआयमध्ये बालकांचा बाप्तिस्माही होतो आणि समजत्या वयात विश्वास कबूल करून घेतलेलाही. दोन्ही मान्य आहेत. प्रौढ माणसाने मागितला तर आधी काही महिने शिक्षण असते, आणि पाळकांनी ते टाळले तर तुम्ही स्वतः मागून घ्यावे.

दोन गोष्टी पाळकांनी आधीच स्पष्ट सांगायला हव्यात आणि पुष्कळदा त्या सांगितल्या जात नाहीत. पहिली कायद्याची: १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख व बौद्ध यांखेरीज अन्य धर्माच्या व्यक्तीला अनुसूचित जातीची मानता येत नाही (शिखांचा समावेश १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला). म्हणजे अनुसूचित जातीतून आलेल्या व्यक्तीच्या नोकरी, शिक्षण किंवा राखीव जागेवरील निवडणुकीवर या निर्णयाचा परिणाम होतो, आणि त्याचा विचार तिने व तिच्या घरच्यांनी डोळे उघडे ठेवून करायला हवा. या व्यवस्थेच्या न्याय्यतेबद्दल दलित ख्रिस्ती समाजाचे म्हणणे जुने आणि रास्त आहे, परंतु निर्णय घेणाऱ्याला आजचा कायदा ठाऊक असला पाहिजे.

दुसरी गोष्ट घरची. नवरा-बायकोंपैकी एकाला ओढ वाटते आणि दुसऱ्याला वाटत नाही, हे नेहमीचे आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या वर्षांत त्या माउलीने काय सोसले आणि कसा स्वतःचा स्वतः विचार केला, हे त्यांनीच आत्मचरित्रात विलक्षण मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावे यासाठी. तेव्हा वर्ष-दोन वर्षे नुसते येत राहणाऱ्या माणसाला ‘मग कधी?’ असे कोणी विचारू लागले, तर त्याने हे उदाहरण खुशाल द्यावे.

मत कधी मांडावे

येथे माझी स्वतःची चूक सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. नवीन असताना, तिसऱ्याच महिन्यात, उपासना साडेनऊऐवजी आठला घ्यावी असे मी पारावर सुचवले. मला वाटले, उन्हाळ्यात सर्वांचीच सोय होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन आठवड्यांनी कळले की साडेनऊची वेळ वस्तीवरून चालत येणाऱ्या तीन म्हाताऱ्यांसाठी ठेवलेली आहे, दूध घालून झाल्यावर त्या निघतात. मला तोंडावर कोणी काही बोलले नव्हते, आणि हेच ध्यानात ठेवण्याजोगे आहे: लहान मंडळीत मान डोलावणे म्हणजे होकार नसतो. पहिले वर्षभर सुचवण्याऐवजी विचारावे, ‘असे का करतात?’ या प्रश्नाला बहुधा एखाद्या माणसाचे नाव हेच उत्तर असते. वर्षानंतर वार्षिक सभेत हात वर करून बोलावे. तिथे बोललेले इतिवृत्तात जाते, पारावर बोललेले गावात.

मयताला जाणे

नाताळची कॅरल फेरी, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वधस्तंभावरील सात उद्गारांवर चालणारी तीन तासांची उपासना, पुनरुत्थानाची पहाट, या सणांत तुम्हाला आपोआप ओढून घेतले जाईल, त्यासाठी मार्गदर्शनाची गरज नाही. मयताचे मात्र सांगावे लागते, कारण बोलावणे येत नाही. चर्चची घंटा अवेळी, सावकाश, एकेक ठोका सोडून वाजू लागली की हातातले काम ठेवून निघायचे असते. माणूस ओळखीचा असो वा नसो. पुरुषांनी आधी दफनभूमीकडे जावे, तिथे खड्डा खणणाऱ्या तरुणांना हातभार लागतो. उन्हाळ्यात जमीन मुरमाड आणि कडक असते, चार-पाच जणांनी आळीपाळीने टिकाव धरला तरी दोन-तीन तास जातात, तेव्हा पाण्याची कळशी नेणारा माणूसही मोलाचा असतो. बायका मयताच्या घरी थांबतात. त्या घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारची घरे भाकरी आणि पिठले पोचवतात, आणि कोणी कोणत्या वेळचे द्यायचे हे महिला संघाच्या बाई ठरवतात. त्यांना जाऊन ‘संध्याकाळचे माझ्याकडे’ एवढेच सांगावे. ‘उपासना संगीत’ बरोबर असू द्यावे, कबरेपाशी बहुतेकांकडे पुस्तक नसते आणि दुसऱ्या कडव्यानंतर आवाज कमी होत जातो. दिवस मावळतीला असेल तर बॅटरीही घ्यावी. प्रत्येक जण मूठभर माती टाकतो, मग पाळकसाहेब आशीर्वचन देतात, आणि परतताना सगळे जण मयताच्या घरावरून जाऊन मगच आपापल्या वाटेला लागतात.